माळाचा हिशेब

पुण्याहून सोलापूर रस्त्याला लागलं की यवत, पाटसपर्यंत दोन्ही बाजूंना ऊस सोबत करतो. पुढे बारामती, इंदापूर किंवा कर्जतच्या दिशेने आत वळलं आणि कालव्याचं पाणी संपलं, की जमीन उघडी पडायला लागते. मुरमाचे सौम्य उतार, गुडघाभर गवत, मधूनच एखादा हिवर, पिवळ्या फुलांनी भरलेला तरवड, आणि चहूबाजूंनी जमिनीला टेकलेलं आभाळ. गाडीतली माणसं साधारण इथे मोबाइल उघडतात. बाहेर बघण्यासारखं काही उरलं नाही, अशी त्यांची समजूत असते.

ही समजूत कागदोपत्रीही आहे. सातबाऱ्यावर अशा जमिनीपुढे पोटखराब, पड, गायरान असे शब्द येतात. देशातल्या पडीक जमिनींचे जे सरकारी नकाशे निघतात, त्यांत झुडपी माळ वर्षानुवर्षं पडीक या सदरात मोजले गेले आहेत. ज्या जमिनीतून सारा मिळत नाही ती वाया गेलेली, असा इंग्रजी अमलातला हिशेब होता. इंग्रज गेले, सदर राहिलं.

मला तो हिशेब इथे पुन्हा मांडायचा आहे. परिसंस्था म्हणजे काय, ती चालते कशी, हे समजून घ्यायचं असेल तर महाराष्ट्रात माळासारखी जागा नाही, असं माझं ठाम मत आहे. शाळेच्या पुस्तकात परिसंस्था म्हटलं की तळं नाहीतर जंगल काढलेलं असतं. पण जंगलात निम्म्या गोष्टी पानांआड होतात आणि तळ्यात पाण्याखाली. माळावर कोण कुणाला खातं, कोण कुणाच्या जिवावर उभं आहे, हे सगळं भर उन्हात, उघड्यावर चालतं. आपण फक्त थांबावं लागतं, आणि बऱ्याचदा खाली बसावं लागतं.

पावसापासून सुरुवात करू. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तिथून पूर्वेला सरळ रेषेत शंभरेक किलोमीटरवर बारामतीत तो पाचशेच्या आसपास येतो. ढगांमधलं बरंचसं पाणी सह्याद्रीच्या चढावरच उतरलेलं असतं. खाली दगड बसाल्टचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्यावर वीतभर मुरूम, कुठे तर तोही नाही. चार महिने लहरी पाऊस आणि आठ महिने कोरडे. दाट झाडी उभी राहायला खोल माती आणि टिकणारी ओल लागते. ती इथे नाही. गवताला मात्र ते चार महिने पुरतात. पाऊस झाला की पंधरवड्यात माळ हिरवा होतो, दिवाळीच्या सुमाराला बी धरतो आणि मग वरून वाळत जातो. तेव्हाही जीव खाली असतो, मुळांच्या जुडग्यात. गवताचा वाढीचा कोंब जमिनीलगत असल्यामुळे वरचं पातं गुरांनी खाल्लं किंवा वणव्यात जळलं तरी ते पुन्हा फुटतं. कोवळ्या रोपट्याचा कोंब शेंड्याला असतो, त्याला हेच दोन प्रसंग जिवावर बेततात. माळावर झाडं विरळ का, याचं निम्मं उत्तर त्या कोंबाच्या जागेत आहे.

उरलेल्या निम्म्या उत्तरावरून वाद होतात. इथे एके काळी घनदाट जंगल होतं, माणसाने ते तोडलं आणि माळ उरला, असं अनेक जाणकार माणसंही सांगतात. यामागे एक जुनी शास्त्रीय कल्पनाही आहे. अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक क्लेमेंट्स यांनी १९१६ मध्ये असं मांडलं की कुठल्याही प्रदेशातली वनस्पती पायरीपायरीने एका अंतिम अवस्थेकडे जात असते. आपल्याकडच्या वनखात्याच्या परंपरेत ही अंतिम अवस्था बहुतेक ठिकाणी जंगलच धरली गेली, आणि मग प्रत्येक माळ हे बिघडलेलं जंगल ठरलं. पण उष्ण प्रदेशातली ही गवतं दक्षिण आशियात पसरली ती साधारण ऐंशी ते साठ लाख वर्षांपूर्वी, म्हणजे कुऱ्हाड सोडा, माणूसही नव्हता तेव्हा. घोड नदीकाठची इनामगावची शेतकरी वस्ती, जी आपल्या भागातल्या सर्वांत जुन्यांपैकी एक, ती साडेतीन हजार वर्षांपूर्वीची. अलीकडे, २०२५ मध्ये, दोन मराठी संशोधकांनी एक वेगळाच पुरावा पुढे आणला. त्यांनी तेराव्या शतकापासूनच्या मराठी कवनांमधून, आख्यानांमधून आणि लोककथांमधून पश्चिम महाराष्ट्रातल्या झाडाझुडपांचे उल्लेख वेचले. रानात उगवणाऱ्या ज्या वनस्पतींची नावं त्यांना सापडली, त्यांतल्या बहुसंख्य मोकळ्या, काटेरी माळावरच्या निघाल्या. दाट जंगलातल्या अगदी मोजक्या. आपल्या पूर्वजांनी गुरं राखताना, वारीला जाताना, देवाच्या डोंगरावर चढताना जे पाहिलं ते बाभूळ, खैर, तरवड आणि गवत होतं. हा पुरावा वाचला तेव्हा मला फार आनंद झाला. माळ हा कुणाचा उरलेला तुकडा नव्हता, तो आधीपासून होता, आणि आपल्या भाषेने ते लिहून ठेवलं होतं.

आता खाली बसू.

ऑक्टोबर संपत आला की कुसळी गवताचे तुरे एकमेकांत गुंततात. शेंड्याला काळपट तपकिरी धाग्यांची वेणी पडल्यासारखी दिसते. तिच्यातलं एक कुसळ सोडवून तळहातावर घ्या. खालच्या टोकाला सुईसारखं अणकुचीदार बी, त्यावर मागच्या बाजूला वळलेले बारीक केस, आणि वर बोटभर लांब शेपटी. शेपटीचा खालचा भाग पिळलेला असतो. त्यावर जिभेने थोडी थुंकी लावली की ती शेपटी तळहातावर गरागरा फिरायला लागते. आमच्या भागातली मेंढ्यांमागची पोरं हा खेळ खेळतात. ओल मिळाली की पीळ उलगडतो, वाळली की पुन्हा बसतो. रात्रीचं दव आणि दिवसाचं ऊन यांच्या येण्याजाण्यावर ते बी स्वतःला मुरमात स्क्रूसारखं आत घालत जातं. केस मागे वळलेले, त्यामुळे गेलेलं बी बाहेर येत नाही. वणवा वरून जातो तेव्हा बी जमिनीखाली असतं. मेंढीच्या लोकरीत, कोल्ह्याच्या केसांत, आपल्या पायमोज्यात हेच कुसळ घुसतं आणि पुढच्या माळावर उतरतं.

जिथे कुसळं गळतात तिथेच जरा शोधलं की मुंग्यांचं बीळ सापडतं. बिळाच्या तोंडाभोवती तुसाचं गोल कडं असतं, फिकट, हलकं, वाऱ्याने हलणारं. या दाणे गोळा करणाऱ्या मुंग्या. एकेक मुंगी स्वतःच्या अंगाहून मोठं बी ओढत आणते, आत नेते, सोलते आणि टरफल बाहेर टाकते. आत कोठारं असतात. पाऊस आत शिरून धान्य भिजलं तर पुढच्या उन्हात तेच दाणे बाहेर काढून वाळवायला पसरलेले दिसतात. त्यातले काही दाणे विसरले जातात, सांडतात, रुजतात. मुंगीने गवत खाल्लं, असं म्हणायचं की पेरलं, हे त्या कड्याजवळ बसून ठरवता येत नाही. दोन्ही खरं आहे.

आर्थर टॅन्सली या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९३५ मध्ये परिसंस्था ही संकल्पना मांडली ती याच गुंत्यासाठी. त्याचा मुद्दा असा की सजीव आणि त्यांच्या भोवतीचं निर्जीव जग, म्हणजे दगड, पाणी, हवा, ऊन, हे वेगळं काढून अभ्यासता येणार नाही. दोन्ही मिळून एकच व्यवस्था. कुसळाची शेपटी दवाशिवाय समजत नाही, दव रात्रीच्या उघड्या आभाळाशिवाय समजत नाही.

मग ही व्यवस्था चालते कशावर? उन्हावर. गवत ऊन पकडून साखर बनवतं. नाकतोडा, ससा, काळवीट, मेंढी गवत खातात. नाकतोड्यांना सरडे आणि चंडोल खातात, सरड्यांना शिकारी पक्षी. सशाला आणि काळविटाला लांडगा. प्रत्येक पायरीवर मिळालेल्या ऊर्जेपैकी बरीचशी चालण्या-धावण्यात, अंग गरम ठेवण्यात खर्च होते, आणि वरच्या पायरीला ढोबळमानाने दहावा हिस्सा पोचतो. अमेरिकेत मिनेसोटातल्या एका लहानशा तळ्यावर काही वर्षं काम करून रेमंड लिंडमन या तरुणाने ऊर्जेचा हा प्रवास पायऱ्यापायऱ्यांनी मांडून दाखवला. त्याचा लेख परीक्षकांनी आधी नाकारला होता. १९४२ मध्ये तो छापून आला तेव्हा लिंडमन हयात नव्हता. आजाराने त्याआधी काही महिने, वयाच्या २६व्या वर्षी, तो गेला. आज जगभर शाळेत शिकवली जाणारी ती पिरॅमिडची आकृती या मुलाच्या कामावर उभी आहे, आणि त्याचं नाव बहुतेक शिक्षकांनाही माहीत नसतं, याचं मला वाईट वाटतं.

ऊर्जेसोबत माळावर आणखी एक गोष्ट फिरत असते, ती म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश, कॅल्शियम अशी द्रव्यं. या दोन प्रवासांत फरक आहे. गावच्या लग्नात गावकीची मोठी भांडी या घरून त्या घरी जातात आणि पुन्हा देवळात येऊन ठेवली जातात. जेवण मात्र एकदाच जेवलं जातं. द्रव्यं त्या भांड्यांसारखी परत येतात. ऊर्जा जेवणासारखी, रोज नव्याने उन्हातून यावी लागते.

हा दहाव्या हिश्श्याचा हिशेब ध्यानात घेतला की लांडगे इतके कमी का, हे वेगळं सांगावं लागत नाही. लांडग्यांच्या एका कळपाला पोट भरायला शे-दोनशे चौरस किलोमीटरचा मुलूख लागतो. अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातलं रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य १९८० मध्ये झालं. त्याचं क्षेत्र २.१७ चौरस किलोमीटर. बारामती तालुक्यातलं सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य पाचेक चौरस किलोमीटरचं. ही दोन्ही मोलाची आहेत, तिथे काळवीट आणि चिंकारा निवांत चरताना दिसतात, आणि ज्यांनी ती राखली त्यांचे आभार मानावेत तेवढे थोडे. पण लांडगा कुंपणात मावत नाही. त्याचं रान म्हणजे गायरान, वनखात्याचा तुकडा, पडीक शेत, ओढ्याची घळ आणि धनगराचा वाडा, हे सगळं मिळून. म्हणून गायरानाचा एखादा कोपरा कुणाच्या घशात गेला की त्याचा फटका त्या गावापुरता राहत नाही.

भांडी परत आणणारे मजूर मात्र जमिनीलगत असतात. पावसाळ्याच्या सुरुवातीला म्हशीचा ताजा पो पडला की काही मिनिटांत शेणकिडे येतात. काही तिथेच खाली बोगदे खणतात, काही गोळी करून मागच्या पायांनी ढकलत नेतात आणि पुरतात. शेण जमिनीत जातं, बोगद्यांतून पाणी आणि हवा आत जाते, आणि माश्यांची पैदास थांबते. या किड्यांची किंमत ऑस्ट्रेलियाला कळली. तिथे युरोपियनांनी गुरं नेली, पण तिथले शेणकिडे कांगारूच्या सुक्या लेंड्यांना सरावलेले. गाईचं शेण तसंच पडून राही, कुरणं झाकली जात आणि माश्यांनी माणसं हैराण होत. अखेर १९६०च्या दशकापासून त्यांना आफ्रिका आणि युरोपातून शेणकिडे आणून सोडावे लागले. आपल्याकडे हे काम फुकट चाललं आहे. जनावरांना दिलेल्या काही जंतनाशकांचा अंश शेणात उतरतो आणि या किड्यांना मारतो, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुष्कळ.

वाळवीबद्दल आपल्या मनात फक्त दाराच्या चौकटी असतात. माळावर ती वाळलेलं गवत, काड्या आणि शेण मातीआड ओढून नेते. यातल्या काही जाती वारुळात बुरशीची शेती करतात, म्हणजे आणलेल्या काड्यांवर बुरशी वाढवतात आणि ती खातात. चांगला पाऊस झाला की त्याच बुरशीची छत्री वारुळातून वर येते, आणि जाणती माणसं ती अळंबी भाजीला काढायला पहाटे निघतात. वारुळाच्या आसपासचं गवत जास्त हिरवं असतं, एवढं तर कुणीही बघू शकतं. अस्वलापासून खोकडापर्यंत अनेक प्राणी वाळवी खातात. खोकड बोरंही खातं, खेकडे, उंदीर, अंडीही खातं, आणि त्याच्या विष्ठेत बोराच्या आठळ्या सापडतात. अन्नसाखळी हा शब्द इथे अपुरा पडायला लागतो. कुठलाही धागा ओढला की चार ठिकाणी हालचाल होते.

त्याचं मला माहीत असलेलं सर्वांत लख्ख उदाहरण साताऱ्याजवळ आहे. चाळकेवाडीचं पठार सुमारे अकराशे मीटर उंचीवर आहे, सड्याचं, जांभ्या दगडाचं. पावसाचं मान आणि दगड पाहता ते बारामतीच्या माळाहून वेगळं, पण मोकळेपणा तोच. तिथे गेली दोन दशकं आणि अधिक काळ पवनचक्क्या फिरत आहेत. त्याच पठारावर एक देखणा सरडा राहतो. विणीच्या हंगामात नर दगडावर चढतो आणि गळ्याखालचा पंखा उघडतो. पंख्यावर निळा, काळा आणि नारिंगी असे तीन रंग. उघडतो, मिटतो, मान वर करतो, पुन्हा उघडतो. उन्हात तो निळा रंग असा चमकतो की बघताना डोळ्यांवर विश्वास बसत नाही. त्याचं शास्त्रीय नाव सरडा सुपर्बा, आणि २०१६ पर्यंत ही जात शास्त्राला वेगळी म्हणून माहीत नव्हती.

बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी या पठाराचे दोन भाग ताडून पाहिले, एक पवनचक्क्यांखालचा आणि एक पवनचक्क्या नसलेला. २०१८ मध्ये त्यांचे निष्कर्ष आले. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ एक चतुर्थांश. काही पात्यांना धडकून मरतात, पण बहुतेक तो परिसरच टाळतात. पक्षी कमी म्हणून सरडे जास्त. इथवर कुणालाही अंदाज बांधता येईल. पुढचं बघा. त्या भागातले सरडे निर्धास्त झाले होते. माणूस कितीतरी जवळ जाईपर्यंत ते हलत नव्हते, आणि पकडल्यावर त्यांच्या रक्तातलं तणावाचं संप्रेरक कमी भरत होतं. पण ते हडकुळेही होते, कारण तेवढ्याच किड्यांवर जास्त तोंडं. आणि नरांच्या गळ्यावरचे रंग फिके पडले होते. आभाळात पाती फिरायला लागली आणि जमिनीवरच्या एका सरड्याच्या गळ्याचा निळा रंग उतरला.

मी हे अनेकांना सांगतो. पवनऊर्जेला विरोध म्हणून सांगत नाही, कोळसा जाळण्यापेक्षा वारा पकडणं केव्हाही बरं. पण ओसाड पठार आहे, उभारा तिथे, असं म्हणताना आपण काय उलथवतो आहोत हे माहीत असावं, म्हणून सांगतो. शिकारी प्राणी म्हणजे केवळ मारणारा नव्हे. त्याच्या भीतीने खालच्यांची संख्या, चपळाई, खाणं आणि रंगसुद्धा ठरत असतात.

दुसरी साखळी याहून दुःखाची आहे. पूर्वी मेलेलं जनावर गावाबाहेर टाकलं की गिधाडं तास-दोन तासांत सांगाडा स्वच्छ करत. नव्वदच्या दशकात ती मरायला लागली आणि कुणाला कारण कळेना. २००४ मध्ये पाकिस्तानातल्या संशोधनातून ते उलगडलं. गुरांना वेदना कमी करण्यासाठी दिलं जाणारं डायक्लोफिनॅक, मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जातं आणि त्याची मूत्रपिंडं निकामी होतात. भारतात २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली, पण तोवर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी हजारात एखाददुसरं उरलं होतं. मढी तशीच पडायला लागली आणि त्यांच्यावर भटकी कुत्री पोसली गेली. माळावर आज कुत्र्यांच्या टोळ्या चिंकाऱ्याच्या पाडसामागे धावतात, टिटवीची अंडी खातात, लांडग्यांना आणि खोकडांना रोग देतात. कुत्री वाढण्याला कोंबडीच्या दुकानांचा आणि ढाब्यांचा कचराही कारण आहे, सगळं गिधाडांच्या माथी मारता येणार नाही. पण पुणे जिल्ह्यात लांडगा आणि कुत्र्याचा संकर झाल्याचं २०२३ मध्ये जनुकीय तपासणीतून सिद्ध झालं, तेव्हा मला पहिल्यांदा आठवली ती गिधाडंच.

माणसाला या हिशेबातून वगळणं मला पटत नाही. मागे एकदा सुप्याच्या बाजूला उतारावर बसलो होतो, दुर्बीण घेऊन. मेंढरं हाकत एक म्हातारे धनगर आले, घोंगडी खांद्यावर, आणि दोन पावलांवर थांबून माझ्याकडे बघत राहिले.

“काय बघताय पाव्हणं?”

“लांडगा दिसतोय का बघतोय आबा.”

“आत्ता कशाला दिसंल? ऊन कललं की त्या घळीतनं येतंय. काल एक कोकरू न्हेलं.”

“मग तुम्ही काय केलं?”

“काय करायचं? कुत्री भुकली, आमी वरडलो. त्येबी हितलंच हाय. आमी दिवाळी झाली की कोकणात उतरतो, ते बारा म्हयनं हितं ऱ्हातंय.”

नुकसान त्यांना सलत होतं, ते त्यांनी लपवलं नाही. कोकरू म्हणजे घरचा पैसा. भरपाईच्या कागदांसाठी खेटे घालणं मेंढरं सोडून त्यांना जमणारं नव्हतं. पण लांडग्याचा इथला हक्क त्यांच्या बोलण्यात गृहीत होता. मला वाटतं, दख्खनच्या माळावर आजही लांडगा आहे तो मुख्यतः या गृहीतामुळे.

मेंढरांचं माळावरचं काम चरण्यापुरतं नाही. वाळलेलं गवत खाल्लं गेलं नाही तर नव्या फुटव्याला ऊन मिळत नाही. कळप पुढे सरकत राहिला तर गवताला सावरायला वेळ मिळतो, आणि दख्खनी मेंढ्यांचे कळप पिढ्यान्‌पिढ्या सरकतच राहिले आहेत. पावसाळ्यात घरच्या माळावर, हिवाळ्यात घाट उतरून कोकणात, मे महिन्यात परत. वाटेत शेतकरी रानात मेंढरं बसवून घेतात, त्याबद्दल धान्य किंवा पैसे देतात, आणि माळावरचं द्रव्य लेंड्यांच्या रूपाने शेतात जातं. बिघाड होतो तो कळप अडकल्यावर. चराईचे माळ कुंपणात गेले, वाटा बुजल्या, की तेवढीच मेंढरं उरलेल्या तुकड्यावर पुन्हा पुन्हा फिरतात. आधी मारवेल आणि पवन्यासारखी सकस बहुवर्षायू गवतं जातात, मग निकस हंगामी गवत येतं, आणि शेवटी जनावर तोंड लावत नाही असा तरवड तेवढा फोफावतो. त्यात वेडी बाभूळ आली तर शेळ्यामेंढ्या तिच्या गोड शेंगा खाऊन बिया लांबवर पोचवतात. चार पावसाळ्यांत माळाचं काटवन.

आणि आता ज्या गोष्टीने मी खरोखर अस्वस्थ होतो ती. आमच्या ओळखीचा एक चांगला उतार होता. कुसळी आणि पवन्याचं दाट गवत, पावसाळ्याच्या तोंडावर चंडोल आभाळात चढून गात आणि दगडधोंड्यांत धाविक पक्षी पिल्लं घेऊन पळत. एका उन्हाळ्यात तिथे यंत्र आलं. उतारभर आडवे चर खणले गेले, खड्डे पडले, आणि पावसाळ्यात गिरिपुष्पाची रोपं लागली. हे झाड मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं. जनावर सहसा खात नाही, पटकन वाढतं, म्हणून लागवडीत त्याची टक्केवारी चांगली दिसते. लावणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. २०१९ मध्ये तर राज्याने ३३ कोटी झाडांचं उद्दिष्ट ठेवलं होतं, आणि एवढ्या झाडांना जागा कुठे, तर मोकळी दिसते तिथे. पण धाविक, टिटवी, चंडोल, माळढोक हे सगळे जमिनीवर अंडी घालणारे पक्षी. कोल्हा किंवा कुत्रं लांबूनच दिसावं यासाठी त्यांना मोकळी नजर लागते. झाडोरा उंच झाला की ते जागा सोडतात. झाडांच्या पहिल्या रांगा पुरुषभर उंच झाल्या त्या वर्षापासून मला तिथे धाविक दिसलेला नाही.

माळढोकाचं तर सांगवत नाही. सोलापूरजवळच्या नान्नजला त्याच्यासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झालं. वजनदार पक्षी, डोळे दोन्ही बाजूंना, समोरच्या विजेच्या तारा त्याला उडताना वेळेत दिसत नाहीत. मादी विणीत बहुधा एकच अंडं घालते. संपूर्ण देशात आज दीडशेही माळढोक उरलेले नाहीत, आणि महाराष्ट्रात तर तो दिसणं जवळजवळ थांबलं आहे.

झाडं लावून कर्ब साठवायचा, हा विचार बरोबर आहे, पण गवताळ माळाचा कर्ब खाली मुळांत आणि मातीत असतो, वणव्यापासून सुरक्षित. चर खणताना आपण तोच उकरून वर काढतो. म्हणून माझी मागणी साधी आहे. गावची वृक्षलागवड ठरत असेल तर ग्रामसभेत एक प्रश्न विचारा: या जागी आत्ता कोणतं गवत आहे, आणि इथे कोण अंडी घालतं? उत्तर येत नसेल तर एक पावसाळा थांबा आणि बघा. झाडं लावायला ओढ्याचे काठ आहेत, शेताचे बांध आहेत, रस्त्याच्या कडा आहेत. माळ सुधारायचाच असेल तर वेडी बाभूळ उपटा, पवन्या-मारवेलचं बी हाताने गोळा करून उघड्या पडलेल्या जागी विखरा, आणि चराई पाळीपाळीने ठेवा.

बघायला जायचं असेल तर इंदापूरजवळ कडबनवाडी आणि बारामतीजवळ शिर्सुफळ इथे वनखात्याने माळरान सफारी सुरू केल्या आहेत. स्थानिक मुलं वाटाड्या म्हणून सोबत येतात, त्यांचं ऐका, त्यांना चिंकाऱ्याच्या वाटा पाठ असतात. सप्टेंबरमध्ये फुलं आणि किडे, नोव्हेंबरपासून मध्य आशियातून आलेले भोवत्या पक्षी गवतावरून तरंगत नाकतोडे वेचताना, आणि उन्हाळ्यात सरडे. गाडी ठरलेली वाट सोडून गवतात घालू नका, चाकाखाली धाविकाची अंडी गेली तर कळतही नाही. आणि हिवाळ्यात लांडग्याचं पिल्लांचं बीळ दृष्टीस पडलं, तर मागे फिरा. त्याचा फोटो ठिकाणासकट कुठेही टाकू नका, जवळच्या मित्रालाही जागा सांगू नका. बिळाशी गर्दी झाली की मादी पिल्लं तोंडात धरून दुसरीकडे हलवते, आणि तिला हलायला आता फार जागा उरलेली नाही.